एमआरआयच्या दारातले प्रश्न

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील एका तपासणी केंद्रात एका महिलेच्या गुडघ्याचा एमआरआय झाला. तपासणी आटोपल्यावर टेबलावरून उठण्यासाठी आधार हवा म्हणून तिने बाहेर थांबलेल्या पतीला आत बोलावून घेतले. एकसष्ट वर्षांच्या त्या गृहस्थाच्या गळ्यात व्यायामासाठी वापरायची सुमारे नऊ किलो वजनाची धातूची साखळी होती. खोलीत पाऊल टाकल्यावर काही क्षणांत ते साखळीसकट यंत्राकडे खेचले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

परदेशातली विचित्र घटना म्हणून ही बातमी वाचून विसरता आली असती. परंतु २७ जानेवारी २०१८ च्या संध्याकाळी मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालयात बत्तीस वर्षांच्या एका तरुणाचा जीव अशाच रीतीने गेला होता. तो रुग्ण नव्हता. नात्यातल्या एका आजारी वृद्धेसोबत आला होता आणि तिच्यासाठी लागणारे प्राणवायूचे सिलिंडर हातात घेऊन तो एमआरआयच्या खोलीत शिरला. यंत्र बंद आहे, असे कर्मचाऱ्याने सांगितल्याचे कुटुंबीयांचे म्हणणे होते. सिलिंडर त्याच्यासह यंत्राकडे खेचले गेले, त्यातून प्राणवायूची गळती झाली आणि थोड्याच वेळात त्याची प्राणज्योत मालवली. त्याआधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील कर्करोग संशोधन संस्थेत असेच एक सिलिंडर खोलीत नेले गेले. एक वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ सिलिंडर व यंत्र यांच्या कचाट्यात सुमारे चार तास अडकून पडले आणि गंभीर जखमी झाले.

तिन्ही घटनांत इजा झालेली माणसे तपासणीसाठी आलेले रुग्ण नव्हती. तिन्ही वेळा अपघाताचे मूळ यंत्रातील बिघाडात नव्हते. चुकले ते दारात. कोण आत जात आहे आणि त्याच्याजवळ काय आहे, हे विचारणे आणि त्याला थांबवणे एवढे काम तेथे झाले नाही. एमआरआयसंबंधी रुग्णाने आणि त्याच्या नातलगांनी जाणून घ्यायच्या बहुतेक गोष्टी या दारापाशीच सुरू होतात.

‘बंद’ या शब्दाचा घोटाळा

क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनचे यंत्र कळ दाबल्यावर किरण सोडते आणि कळ सोडली की थांबते. त्यामुळे आवाज थांबला म्हणजे यंत्र बंद झाले, असे मानण्याची सवय सर्वांनाच जडलेली आहे. एमआरआयला हा नियम लागू होत नाही.

एमआरआय यंत्राचा गाभा म्हणजे अतिवाहक तारांची प्रचंड वेटोळी. ही वेटोळी द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवली जाते. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह बाहेरून वीज न पुरवताही फिरत राहतो. प्रवाह आहे तोवर चुंबक आहे. म्हणजे रात्री दिवे मालवलेले असताना, रविवारी केंद्राला टाळे असताना, एवढेच नव्हे तर वीज गेलेली असतानाही ते चुंबकीय क्षेत्र त्या खोलीत कायम असते. तपासणीच्या वेळी ऐकू येणारा ठोक्यांचा आवाज चुंबक सुरू झाल्याचा नसतो. यंत्रातील दुसरी, छोटी वेटोळी भराभर चालूबंद होत असतात, त्यांचा तो आवाज आहे.

या चुंबकाची ताकद साधारणपणे दीड किंवा तीन टेस्ला असते. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या ज्या चुंबकीय क्षेत्रावर होकायंत्राची सुई हलते, त्याच्या सुमारे तीस हजार पट. शिवाय हे बळ खोलीभर सारखे नसते. दाराजवळ ते क्षीण असते आणि यंत्राच्या तोंडाशी एकदम वाढते. एखादी लोखंडी वस्तू हातात असलेल्या माणसाला चार पावलांपर्यंत काहीच जाणवत नाही आणि पुढच्या पावलाला ती वस्तू हातातून निसटते. सावध होण्यास जो अवधी लागतो, तो येथे मिळत नाही.

मग अपघात होताच चुंबक बंद का करत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. तशी सोय यंत्रात असते. आणीबाणीची कळ दाबली की हेलियम उकळून वायुरूपात बाहेर पडतो, वेटोळी तापतात आणि चुंबकत्व उतरते. मात्र त्याला मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. हेलियम वाहून नेणारी नळी सदोष असेल तर तो वायू खोलीत भरून प्राणवायूची जागा घेतो, म्हणजे आतल्या माणसाच्या जिवाला दुसराच धोका निर्माण होतो. यंत्र पुन्हा सुरू करण्याचा खर्चही मोठा असतो. म्हणून माणूस अडकलेला असेल तरच ही कळ वापरायची असते. एखादी किल्ली यंत्राला चिकटली म्हणून ती दाबत नाहीत. खारघरच्या घटनेत ही व्यवस्था वेळेवर उपयोगी पडली नाही, असे त्या काळातील वृत्तांत नमूद आहे.

खोलीत रुग्णाचे हृदय थांबले तरी नियम तोच राहतो. प्रथम रुग्णाला खोलीबाहेर काढायचे आणि मग उपचार करायचे. घाईने सिलिंडर, स्ट्रेचर किंवा उपकरणे घेऊन आत धावणे म्हणजे एका संकटात दुसऱ्याची भर घालणे होय. अशा वेळी तंत्रज्ञाने नातलगांना दारात अडवले तर तो निर्दयपणा समजू नये.

बंद दाराआधीची तीन दारे

जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णालयात एमआरआयसाठी आत असलेल्या सहा वर्षांच्या मुलावर प्राणवायूचे सिलिंडर आदळले आणि त्याचा मृत्यू झाला. त्या घटनेनंतर अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने, २००२ मध्ये सुरक्षेची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. एमआरआय विभागाचे चार टप्पे करण्याची तिच्यातील पद्धत आज जगभर आदर्श मानली जाते.

पहिला टप्पा सर्वांना खुला. दुसऱ्यात रुग्णाची विचारपूस होते, कपडे बदलले जातात. तिसऱ्यात फक्त तपासून सोडलेली माणसे, तीही प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या नजरेखाली. चौथा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष यंत्राची खोली. या रचनेत सामान्य वॉर्डबॉय, सफाई कामगार, रुग्णाचा भाऊ किंवा अन्य विभागातील डॉक्टर असा कोणीही थेट चौथ्या टप्प्यात पोहोचू शकत नाही.

आपल्याकडच्या इस्पितळांत आजारी माणसाबरोबर दोन-तीन नातलग असतातच. चाकांची खुर्ची ढकलणे, सलाईनची बाटली उंच धरणे, सिलिंडर उचलणे ही कामे त्यांच्यावर येतात आणि ते ती आनंदाने करतात. अपुरे मनुष्यबळ असलेल्या सरकारी इस्पितळात त्यांच्याशिवाय गाडा चालत नाही, हेही खरे. पण नायर रुग्णालयातील तरुण हेच मदतीचे काम करत होता. पेडण्याहून किंवा काणकोणहून रुग्णाला घेऊन बांबोळीला आलेल्या माणसाने, किंवा पणजी-मडगावातील खासगी केंद्राच्या बाकावर बसलेल्या नातलगाने, एवढे पक्के ध्यानात ठेवावे की एमआरआयच्या दारापलीकडचे कोणतेही काम त्याचे नाही. कोणी सांगितले, घाई केली, ‘यंत्र बंद आहे’ अशी खात्री दिली, तरीही नाही. मुलासोबत आत थांबणे आवश्यक असेल तर रुग्णाची होते तशीच तपासणी त्या पालकाचीही झाली पाहिजे.

शरीरातील धातूची कबुली

बाहेरचा धातू काढून ठेवता येतो. शरीरात बसवलेला किंवा नकळत राहिलेला धातू केवळ रुग्णाच्या सांगण्यावरून कळतो. म्हणूनच तपासणीपूर्वी एक प्रश्नावली भरून घेतली जाते. हा कागद म्हणजे सहीपुरता सोपस्कार, असा समज रुग्णांत आहे आणि कधी कधी कर्मचाऱ्यांतही आढळतो. प्रत्यक्षात तीच तपासणीतील सर्वांत महत्त्वाची सुरक्षा-चाचणी आहे.

शरीरात बसवायच्या उपकरणांची आता तीन गटांत विभागणी होते: एमआरआयसाठी सुरक्षित, ठरावीक अटींवर सुरक्षित आणि असुरक्षित. हिरवा चौकोन, पिवळा त्रिकोण आणि लाल वर्तुळ ही त्यांची चिन्हे. हृदयातील पेसमेकर असला की एमआरआय नाहीच, असे एके काळी सरसकट सांगितले जाई. अटींवर सुरक्षित असलेल्या पहिल्या पेसमेकरला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मान्यता दिली आणि हे चित्र बदलले. तरीही ‘अटींवर’ हा शब्द निसटू देता कामा नये. यंत्राची ताकद किती, पेसमेकर व त्याच्या तारा कोणत्या, तपासणीपूर्वी तो विशिष्ट स्थितीत लावला का, नंतर पूर्ववत केला का, हे सारे हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरते. त्यासाठी उपकरणाचे ओळखपत्र लागते. शस्त्रक्रियेनंतर मिळालेले हे छोटे कार्ड अनेक घरांत कपाटाच्या तळाशी जाते. ते आधारकार्डाइतकेच जपून ठेवावे आणि त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन ठेवावे.

मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुग्यावर बसवलेली जुनी क्लिप हा विशेष धोक्याचा भाग आहे. अशी चुंबकाला खेचली जाणारी क्लिप जागची हलून रुग्ण दगावल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. कानातील कॉक्लिअर यंत्रात स्वतःचा चुंबक असतो, म्हणून तेथेही निर्मात्याच्या अटी पाहाव्या लागतात. याउलट गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा, हाडातील टायटॅनियमची पट्टी, हृदयातील आधुनिक स्टेंट, दातांतील भरण किंवा गर्भनिरोधक तांबी असलेल्या बहुतेकांची तपासणी करता येते. त्या भागाचे चित्र थोडे विस्कटू शकते, इतकेच. म्हणून ‘आत धातू आहे, सांगितले तर तपासणी नाकारतील’ या भीतीने गप्प राहणे सर्वथा चुकीचे.

गोव्याच्या दृष्टीने एक प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? मांडवी-झुआरीच्या काठांवरील बार्ज दुरुस्तीच्या धक्क्यांवर, वास्कोच्या जहाजबांधणी गोद्यांत, खाणपट्ट्यातील यंत्रशाळांत वेल्डिंग आणि घासकामात आयुष्य घालवलेली माणसे येथे मोठ्या संख्येने आहेत. अशा कामात डोळ्यात कण जाणे ही रोजची बाब. तो निघाला असे वाटते आणि कधी एखादा सूक्ष्म तुकडा आतच राहून जातो. डोळ्यात असा तुकडा असलेल्या एका धातुकामगाराची एका डोळ्याची दृष्टी एमआरआयनंतर गेल्याचे १९८६ सालीच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. शंका असेल तर आधी डोळ्यांच्या भागाचा साधा क्ष-किरण काढला जातो. दोन मिनिटांचे काम असते. परंतु त्यासाठी वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीचा उल्लेख रुग्णाने करायला हवा आणि तो करण्याची आठवण त्याला कोणीतरी द्यायला हवी.

दागिने, कपडे आणि भाजण्याचा धोका

एमआरआयमुळे होणाऱ्या इजांत भाजणे हा प्रकार ठळक आहे. चित्रासाठी शरीरात रेडिओलहरी सोडल्या जातात आणि धातूत किंवा तारेच्या वळशात त्या उष्णता निर्माण करू शकतात. सोने-चांदी चुंबकाकडे खेचली जात नाहीत, म्हणून मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, नथ किंवा कमरेचा करगोटा तसाच ठेवण्याचा आग्रह कधी कधी धरला जातो. पण दागिन्याच्या फाशात आणि डाखात इतर धातू असतात. शिवाय न खेचला जाणारा दागिनाही तापू शकतो आणि चित्र बिघडवू शकतो. ज्या स्त्रिया मंगळसूत्र उतरवायला तयार नसतात, त्यांची समजूत घरीच, आदल्या दिवशी, घरच्यांनी काढलेली बरी. खोलीच्या दारात ही चर्चा सुरू झाली की घाई होते आणि घाईत चूक होते. निघत नसलेली अंगठी असेल तर तसे आधीच सांगावे.

केसांतील पिना, साडीची सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक, चष्मा, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी, किल्ल्या, नाणी, घड्याळ, मोबाइल आणि बँकेचे कार्ड बाहेर ठेवायचे, हे बहुतेकांना माहीत असते. कमी माहीत असलेल्या काही गोष्टी आहेत. खेळाडूंसाठी तयार होणाऱ्या काही कपड्यांत जंतुरोधक म्हणून धातूचे धागे विणलेले असतात, म्हणून केंद्राने दिलेला झगा घालणेच योग्य. वेदनाशमनासाठी किंवा धूम्रपान सोडण्यासाठी कातडीवर चिकटवायच्या काही औषधी पट्ट्यांच्या पाठीला धातूचा थर असतो, त्यांनी भाजल्यासंबंधी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच इशारा दिला आहे. अंगावरील गोंदण क्वचित चुरचुरते. आत असताना हात एकमेकांत गुंफू नयेत आणि पायावर पाय टाकू नये, कारण उघड्या त्वचेला त्वचा टेकल्याने शरीराचाच वळसा तयार होतो. कोठेही चटका किंवा ऊब जाणवली तर तपासणी पूर्ण होण्याची वाट न पाहता हातातील घंटी दाबावी.

ही घंटी म्हणजे रबराचा एक लहान फुगा असतो. तो हातात दिला नाही तर मागून घ्यावा. आवाज शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानांत बोळे किंवा कानटोप्या हव्यातच. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी ती लपवू नये. वीस ते पंचेचाळीस मिनिटे स्थिर पडून राहायचे असते आणि रुग्ण हलला तर चित्रे वाया जातात. सौम्य झोपेच्या औषधाचा, डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा किंवा रुंद तोंडाच्या यंत्राचा पर्याय डॉक्टरांशी आधी बोलून ठरवता येतो.

शिरेतून दिले जाणारे औषध

काही तपासण्यांत गॅडोलिनियम या धातूचे संयुग शिरेतून दिले जाते. त्यामुळे गाठ, सूज किंवा रक्तवाहिनी स्पष्ट दिसते. बहुसंख्य रुग्णांना त्याचा त्रास होत नाही. तथापि २००६ च्या सुमारास असे आढळले की मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेल्या रुग्णांत काही जुन्या प्रकारच्या संयुगांमुळे त्वचा व अवयव कठीण होत जाणारा गंभीर विकार जडतो. त्यानंतर नियम कडक झाले, रेणूची रचना अधिक घट्ट असलेली नवी संयुगे पुढे आली आणि तो धोका फारच कमी झाला. युरोपीय औषध यंत्रणेने २०१७ मध्ये जुन्या गटातील बऱ्याच औषधांचा वापर थांबवण्याचा निर्णय घेतला. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा डायलिसिस असलेल्या रुग्णाने अलीकडचा क्रिएटिनिनचा अहवाल सोबत न्यावा. पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी झाली असल्यास तेही सांगावे.

गर्भवती स्त्रीने तर कोणतीही शंका मनात ठेवू नये. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील चौदा लाखांहून अधिक प्रसूतींच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तिमाहीत झालेल्या साध्या एमआरआयमुळे बाळाला अपाय झाल्याचे त्यात दिसले नाही. गॅडोलिनियम दिलेल्या गर्भवतींच्या बाबतीत मात्र काही दुष्परिणामांचे प्रमाण अधिक आढळले. म्हणून गरोदरपणात हे औषध अगदी अपरिहार्य असेल तरच देतात. एमआरआयमध्ये क्ष-किरणांसारखा किरणोत्सर्ग नसतो, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तपासणी हवीच का?

दारातल्या प्रश्नांआधी एक प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत विचारायचा असतो: या तपासणीने उपचार बदलणार आहे का? कंबरदुखी हे त्याचे ठळक उदाहरण. पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप, कर्करोगाचा पूर्वेतिहास, मोठा अपघात अशी धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची सहसा गरज नसते, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगतात. बहुतेक कंबरदुखी त्या मुदतीत ओसरते.

घाईने काढलेले चित्र कधी कधी नवी चिंता जन्माला घालते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात कंबरेची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय करण्यात आला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या मणक्यांतील किमान एक चकती फुगलेली निघाली. म्हणजे अहवालातील ‘डिस्क बल्ज’ हे शब्द केस पिकण्यासारखे वयाचे लक्षणही असू शकतात. अहवाल हाती पडताच शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी तो रुग्णाच्या प्रत्यक्ष त्रासाशी जुळतो का, हे तपासून घ्यावे. चित्रांची मूळ तबकडी किंवा डिजिटल प्रतही मागून ठेवावी. दुसरे मत घेताना केवळ लेखी अहवालापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

कायदा कोठे थांबतो?

क्ष-किरण व सीटी स्कॅन यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. खोलीच्या भिंतीपासून कर्मचाऱ्यांच्या अर्हतेपर्यंत त्यांचे नियम आहेत. एमआरआयमध्ये आयनकारी किरणोत्सर्ग नसल्याने ते यंत्र त्या मंडळाच्या कक्षेबाहेर राहते. केंद्राने २०१९ मधील अधिसूचनेने एमआरआय उपकरणे औषधविषयक कायद्याखाली आणली. पण तो कायदा मुख्यतः उपकरणाची निर्मिती, आयात आणि विक्री पाहतो. चुंबकाच्या दारात रात्री साडेनऊ वाजता कोण उभा आहे, हे तो पाहत नाही. ज्या यंत्राचा किरण धोकादायक, त्याला कडक पहारा आणि ज्याचा चुंबक धोकादायक, तेथे केंद्राच्या विवेकावर भिस्त, अशी ही विषम स्थिती आहे.

ही फट राज्य बुजवू शकते. गोवा विधानसभेने २०१९ मध्ये वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणी व नियमनाचा कायदा केला आहे. त्या चौकटीत एमआरआय केंद्रांसाठी काही साध्या अटी घालता येतील. दारात चोवीस तास प्रशिक्षित माणूस, विभागातील सर्व सिलिंडर व खुर्च्या चुंबकाला न जुमानणाऱ्या धातूच्या, धातुशोधक यंत्र, सफाई कामगारांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना वार्षिक प्रशिक्षण आणि लहान-मोठ्या प्रत्येक अपघाताची सक्तीची नोंद. यांतील एकही गोष्ट यंत्राच्या किमतीच्या मानाने महाग नाही.

आणखी एक अट भाषेची. अनेक ठिकाणी प्रश्नावली आणि संमतिपत्र इंग्रजीत असते. ‘ॲन्युरिझम क्लिप’ किंवा ‘इंट्राऑक्युलर फॉरिन बॉडी’ या शब्दांपुढे ‘नाही’वर खूण करणाऱ्या सत्तरीतल्या आजोबांना प्रश्न कळलेलाच नसतो. कळला नाही, असे सांगण्याचा संकोच वाटतो, म्हणून मुलगा किंवा नात घाईने खुणा करून कागद परत देते. अशा कागदावर सही असते, माहिती नसते. रुग्णाची संमती पुरेशा माहितीवर आधारलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेतही रुग्णाला त्याला समजणाऱ्या भाषेत माहिती मिळण्याचा हक्क नोंदवलेला आहे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद केली. सचिवालयातील फायलीला जी भाषा चालते, ती इस्पितळातील या एका पानाला चालू नये, याला काही कारण नाही. ‘डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?’ हे वाक्य मराठीत किंवा कोकणीत लिहायला खर्च येत नाही. ते वाचून बार्जवर काम केलेला माणूस क्षणभर थांबेल आणि आठवेल.

असे पान मिळेपर्यंत रुग्णाने स्वतःच पुढाकार घ्यावा. शरीरातील प्रत्येक शस्त्रक्रिया, प्रत्येक उपकरण, जुने काम, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण आणि बंद जागेची भीती यांची नोंद घरीच एका कागदावर करून न्यावी. न कळलेल्या प्रश्नावर खूण करू नये, अर्थ विचारावा. सोबत आलेल्यांनी बाकावर बसून राहावे. आणि कोणी ‘यंत्र बंद आहे, या आत’ असे म्हणालेच, तर दारातच थांबून तंत्रज्ञाला बोलवावे.